झाकलं म्हणण्याआधी

११ जानेवारी

प्रिय मेट्रन बाई,

सलाम. तुम्ही पुतण्याकडे राहायला गेल्यापासून मी एकही पत्र लिहिलं नाही, आणि मी जिवंत आहे की मेले हे तुम्हीही विचारलं नाहीत. म्हणजे फिट्टंफाट झाली. फोन करावा तर तुमचा पुतण्या उचलतो आणि काकूला ऐकू कमी येतं म्हणून ठेवून देतो. तुम्हाला ऐकू कमी येतं की नको ते ऐकू येत नाही, हे कुणी मला विचारावं. पत्रं मात्र तुम्ही भिंग लावून स्वतः वाचता असं तो म्हणाला, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी की मला माणूस मिळालं. जाताना तुम्ही म्हणाला होतात, हात थरथरायला लागायच्या आधी एक पोरगी शोधून शिकव, नाहीतर आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांची मयतं परक्या हातात जातील. तेव्हा मला हसू आलं होतं. आता सुईत दोरा ओवायला चष्मा कपाळावरून नाकावर आणि नाकावरून कपाळावर करावा लागतो, आणि हसू येत नाही.

पोरगी म्हणजे आपल्या गायनाच्या मास्तरांची थोरली. केस कधी विंचरलेले नसतात म्हणून सगळे तिला झिपरी म्हणतात, तीच. माझ्या शिवणाच्या दुकानात काज-बटणाला येते. एक दिवस तोंडात बटण धरूनच म्हणाली, मावशी, मला मयत धुवायचं काम शिकवाल का. मला वाटलं बटण गिळलं आणि वेड लागलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, कुणीतरी शिकायला हवंच ना. मला ते आवडलं. मीही तुम्हाला यापेक्षा शहाणं काही सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणते मला, आणि नात्याने बघितलं तर खोटंही नाही. मास्तरांची पहिली, माझी ताई, गेली आणि वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा मी किती फणकारले होते ते तुम्ही पाहिलंयत. तुम्हीच म्हणालात, उद्या त्या दुसरीला पोरं होतील, त्यांच्यावर राग काढू नकोस, त्यांनी तुझं काय घोडं मारलंय. मी काढला नाही. मास्तरीणही गरीब स्वभावाची आहे, तिच्याशी भांडायला दुसरी कुणी लागेल.

तर शिकवायला सुरुवात केली, तुम्ही शिकवलंत तसंच. खोलीत दोघीच, आणि दाराला आतून कडी. पायांपासून सुरुवात, कारण प्रभूनेही आपल्या माणसांचे पायच आधी धुतले. पाणी जिवंत माणसाला सोसेल इतकंच कोमट. मयताशी बोलत राहायचं, नात्याने हाक मारून, की आजी, आता कूस वळवते हं. आणि सगळं झाल्यावर दोघींनी एकाच तसराळ्यात हात बुडवायचे, थोरलीने विचारायचं, झाकलं? धाकटीने म्हणायचं, झाकलं. मग अंगावर जे काही दिसलं असेल, जुने व्रण, जखमा, लाज वाटण्यासारखं काहीही, ते त्या पाण्याबरोबर गेलं.

झिपरीने विचारलं, असं काय काय दिसतं, मावशी? मी तुमचंच उत्तर दिलं. म्हटलं, दिसतं ते आपलं नसतं. ती पुढचं काज करायला लागली.

तुमची,
शिंपीण

*

९ फेब्रुवारी

मेट्रन बाई,

तुमचं कार्ड पोचलं. एवढ्या वर्षांनी लिहिलंत आणि काय, तर "पोरगी फार बोलते का?" सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. नाही बोलत. बोलायला हवं तितकंही बोलत नाही.

तिचं पहिलं काम झालं. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका गेल्या. मला वाटलं होतं पोरगी दारातच गळाठेल, पण तिने तसराळं नीट धरलं, पाण्यात कोपर बुडवून बघितलं, आणि मी पाय धुवायला घेतल्यावर आपणहून म्हणाली, बाई, तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत, आता तुम्ही निवांत पडा. मला हसू आवरेना. मयताच्या खोलीत हसले म्हणून तुम्ही रागावाल, पण मुख्याध्यापिका रागावल्या नसत्या. एक मात्र पाहिलं. पोरीची नजर त्यांच्या पायांवर नव्हती. हात, दंड, गळा, पाठ, सगळीकडे काहीतरी शोधल्यासारखी बघत होती. नवीन माणूस बघतंच, म्हणून मी सोडून दिलं.

बाहेर आल्यावर विचारते, आपल्या घरचं कुणी गेलं तर आपण आत जायचं का? मी सांगितलं, नाही. आपल्या माणसाला आपण धुवायचं नाही, हात कापतो आणि मयताची अब्रू राहत नाही. मेट्रन बाईंचा नियम आहे. आणि मग तिला माझ्या ताईचं सांगितलं. ताई न्हाणीघरात घसरून पडली आणि गेली, आणि तुम्ही मला आत येऊ दिलं नाहीत. मी दाराबाहेर ऊर बडवत होते. तुम्ही कडी जराशी काढून फटीतून झगा बाहेर दिलात आणि म्हणालात, रडतेस काय, मशीनवर बस, गळा बंद कर आणि बाह्या मनगटापर्यंत लांब कर. उन्हाने अंगाची लाही होत होती, पण मी बसले. माझ्याच हाताने ताईला बंद गळा शिवला. त्या वेळी माझ्या हातांना काम दिलंत म्हणून मी शाबूत राहिले. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही, आज लिहिते. त्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

झिपरी म्हणाली, बंद गळा कशाला? मी म्हटलं, बाईमाणसाला शोभतो. तिने सुई बोटात घुसवून घेतली.

मास्तरही येऊन गेले. गोड आवाजात म्हणाले, पोरीच्या जातीला मयताचं काम कशाला, तिला गाण्यात घालतो. मी म्हटलं, मास्तर, गाणाऱ्या पन्नास आहेत, धुणाऱ्या दोन. ते हसले. मास्तरीण मागे उभी होती, तीही हसली, पण त्यांचं हसू थांबताच तिचंही थांबलं. तिला नवीन झगा शिवायचाय. बाह्या लांबच हव्यात. मी चिडवते तिला, तुमच्याकडे बारा महिने हिवाळाच. ती म्हणते, मला थंडी सोसत नाही हो.

तुमची,
शिंपीण

*

२० मार्च

मेट्रन बाई,

मास्तरीण गेली. जिन्यावरून पडली, डोक्याला मार लागला. डॉक्टरांनी तसंच लिहून दिलंय.

झिपरीला मी आत घेतलं नाही. तिने कडी धरून ठेवली होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग मंडळीतल्या बेकरीवालीला हाताशी घेतलं. सगळं रीतसर झालं. पांढरा झगा, बाह्या मनगटापर्यंत, गळा बंद. गळा मनासारखा बसेना, उसवून पुन्हा शिवला. तुम्ही बघितला असतात तर नाव ठेवलं नसतंत.

पाळकसाहेब छान बोलले. मास्तर स्वतः गायले. अर्ध्यावर आवाज फुटला तेव्हा सगळी मंडळी रडली. झिपरीची धाकटी बहीण, शाळेत जाणारी, बापाचं बोट धरून उभी होती आणि रडत नव्हती.

एक विचारायचं होतं. शेवटी हात बुडवल्यावर "झाकलं?" म्हणून विचारताना तुमचा घसा कधी बसला का? बेकरीवाली हात धरून वाट बघत होती आणि माझ्या तोंडातून शब्दच निघेना. मग निघाला.

जाऊ दे. ऊन वाढलंय, जपून राहा.

तुमची,
शिंपीण

*

२७ मार्च

मेट्रन बाई,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. खोलीतलं खोलीत राहावं हे खरं, पण तुम्ही त्या खोलीतल्याच, तुमच्यापासून काय झाकायचं.

मास्तरणीच्या दंडांवर बोटांचे वळ होते. काही निळे, काही हिरवे, काही पिवळे पडून विरत आलेले. म्हणजे एका दिवसाचे नव्हते. पाठीवर पट्ट्याचे. आणि गळ्यावर, हाडाच्या वर, एक अंगठा उमटला होता. जिन्याला अंगठा नसतो, बाई. बेकरीवालीने पाहिला आणि मान फिरवली. मी पाहिला आणि मला आधी काय सुचलं, तर गळा बंद करायला हवा. इतकी मी तुमच्या हाताखाली तयार झाले आहे.

काल झिपरी दुकानात आली. मी मशीनवर होते. ती आपल्या जागेवर बसली नाही, समोर उभी राहिली.

"मावशी, आईच्या गळ्यावर काय होतं?"

मी म्हटलं, खोलीतलं खोलीत राहतं.

"मी शिकायला का आले होते, ठाऊक आहे? आईची पाळी येईल तेव्हा आत मी असावं म्हणून. आज ना उद्या येणारच होती. आणि तुम्ही मलाच बाहेर ठेवलंत."

माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला. पोरगी रडली नाही. तिने सगळं सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगते आहे. जेवण गार झालं म्हणून काय, सूर चुकला म्हणून काय. एकदा तिने मंडळीच्या पंचांपैकी एका आजोबांना सांगून बघितलं, तर ते म्हणाले, बापाची अब्रू चव्हाट्यावर आणू नये बाळा, प्रार्थना कर. तेव्हा तिच्या लक्षात आलं की लेकीचं कोणी ऐकत नाही, पण मयत धुणारीचं ऐकतील. खोलीतल्या बाईने पाहिलं म्हटल्यावर खोटं कोण म्हणेल? म्हणून ती आली होती. आणि मी तिच्या शहाणपणाचं तुम्हाला पत्रात कौतुक लिहीत होते.

मी तिला तुमची ती पवित्र शास्त्रातली गोष्ट सांगितली, पिऊन उघड्या पडलेल्या म्हाताऱ्या बापाची लाज झाकायला दोन मुलगे पाठमोरे चालत गेले ती. झाकणं हे प्रेमाचं काम आहे म्हटलं. ती म्हणाली, "आणि त्या बायका? त्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरेकडे गेल्या, त्या आपलंच काम करायला गेल्या होत्या ना, मावशी? त्यांना देवदूताने काय सांगितलं? झाका म्हणून सांगितलं की जाऊन सांगा म्हणून?"

इतकी वर्षं मी हे काम करते आणि इतकी वर्षं ती गोष्ट ऐकते, पण दोन्ही एकाला एक लावून कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, धाकटी अजून त्याच घरात आहे, आणि निघून गेली.

ती गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून बसले आणि मग मला तो झगा आठवला. ताईचा. फटीतून बाहेर आलेला तुमचा हात. गळा बंद कर, बाह्या लांब कर.

बाई, माझ्या ताईच्या गळ्यावर काय होतं?

मला बाकी काही नको. धर्माचं नको, नियमांचं नको. माझी ताई न्हाणीघरात घसरली होती का, एवढं लिहा. होय किंवा नाही. कार्डावर जागा पुरेल.

शिंपीण

*

१६ एप्रिल

मेट्रन बाई,

कार्ड आलं. "झाकलेलं उघडणाऱ्या बाईला पुन्हा कुणी खोलीत घेत नाही." बस. तुमचं अक्षर इतकं वाकडंतिकडं झालंय की आधी जीव कळवळला, मग वाचलं.

काही नव्हतं, असं तुम्ही लिहिलं नाहीत. लिहिता आलं असतं. तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत आणि आताही सांगितलं नाहीत, म्हणून मला उत्तर मिळालं. मी पुष्कळ रडले. मग मशीनवर बसले, कारण तुम्ही तेवढंच शिकवलंयत.

मी पोलिसांत गेले, झिपरीला घेऊन. इन्स्पेक्टर बाई आहेत, वयाने माझ्या लेकीसारख्या. पेन खाली ठेवून ऐकतात, हे मला बरं वाटलं. मी पाहिलं ते सांगितलं. दंड, पाठ, गळा, अंगठा. झिपरीने मध्येच पाण्याचा पेला हातात दिला. मग त्यांनी बेकरीवालीला बोलावलं. ती म्हणाली, मी पाणी ओतत होते, माझं लक्ष नव्हतं. तिच्या नवऱ्याचा पाव मास्तरांच्या शाळेत जातो. मी तिला बोलले नाही. महिन्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

दोन्ही पोरी माझ्याकडे आहेत. कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून दिली आहे. धाकटी झोपेतही हात डोक्यावर घेते. मंडळीतल्या अर्ध्या बायकांनी शिवायला दिलेले कपडे अर्धवट परत नेले. एकीने विचारलं, मी मेल्यावर तू माझंही असंच गावभर करशील का? पाळकसाहेब रस्त्यात थांबले आणि म्हणाले, थोडी वाट पाहू, प्रभू उघड करील. मी म्हटलं, साहेब, प्रभूने उघड केलंय, मीच गळा बंद करून ठेवला.

मास्तर अजून रविवारी गायला उभे राहतात. आणि सांगू का, आवाज अजूनही तितकाच गोड आहे. माझ्या अंगावर काटा येतो तरी कान तिकडे जातो.

इन्स्पेक्टर बाई म्हणतात, नुसत्या माझ्या शब्दावर पुरलेलं उकरायचा हुकूम मिळणं अवघड. डॉक्टरचा कागद आहे, बेकरीवाली फिरली, पोरगी घरातली म्हणून तिचा शब्द हलका. पण पहिलीही अशीच गेली आणि तिलाही धुणाऱ्या बाईने पाहिलंय, असं कळलं तर गोष्ट वेगळी होईल. त्या तुमच्याकडे यायला निघाल्या आहेत. तुमच्याबरोबर त्या खोलीत जी दुसरी होती ती केव्हाच वारली. आता फक्त तुम्ही आहात.

मला तुम्ही का गप्प राहिलात हेही थोडं कळतं. मास्तर तरणे, मंडळीचे लाडके. तुम्ही एकट्या बाई, हॉस्पिटलची नोकरी, मंडळीचं घर राहायला. घरोघरी मातीच्या चुली म्हणाला असाल मनाशी. आणि मला वाचवलंत असंही वाटलं असेल, की हिला कळून काय होणार, हिची ताई परत येणार नाही. पण बाई, एक बाई वाचली असती. मास्तरीण तुमच्यासमोर त्याच वेदीपुढे उभी राहिली आणि तुम्ही पुढच्या बाकावर बसून पाहिलंत. आणि मग मी हाही विचार करते की ते लग्न झालं नसतं तर झिपरी झाली नसती, आणि ती माझ्यासमोर बसून काज करत असते. हे मला सुटत नाही. देवाला सुटत असेल.

इन्स्पेक्टर बाईंना सांगा. मला सांगू नका, मला आता कळलंय. त्यांना सांगा.

शिंपीण

*

६ मे

मेट्रन बाई,

इन्स्पेक्टर बाई परत आल्या. त्या म्हणाल्या, म्हातारीने चहा विचारला, बसायला खुर्ची दिली, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, आठवत नाही.

तुम्हाला आठवत नाही. कुठल्या वॉर्डात कोणत्या पलंगावर कोण वारलं हे वर्षांनंतर नावानिशी सांगणाऱ्या तुम्ही. मी पहिल्यांदा पाणी जास्त गरम केलं होतं, ते प्रत्येक नव्या मुलीला सांगून माझी लाज काढणाऱ्या तुम्ही. मला आयुष्यभर वाटत होतं की झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण मेलेल्यांसाठी करतो. आता वाटतं आपण जिवंतांपैकी एका पुरुषासाठी करत होतो.

आणि आज तुमच्या पुतण्याचा फोन. डॉक्टरांनी आशा सोडली म्हणाला. काकूने एकच मागितलंय, मला माझ्या शिंपिणीनेच धुवावं, दुसऱ्या कुणाचा हात लागू नये.

झिपरीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ नका. ती म्हणाली, "जायचं. मीपण येते."

तर मी येईन. तुम्ही मला असं शिकवलंयत की रागावून घरी बसता येणार नाही, पाय दिसले की माझे हात आपोआप पाण्यात जातात. माझी आई लवकर गेली, ताई तशी गेली, मला ज्या बाईने माणसात ठेवलं त्या तुम्ही. तुमच्यावर माझी माया आहे. आणि तुमची इतकी चीड येते की हे लिहिताना कागद फाटतोय. दोन्ही आहे. एकामुळे दुसरं कमी होत नाही.

मी पायांपासून सुरुवात करीन. पाणी कोमट घेईन. तुमच्याशी बोलेन. पण शेवटी हात बुडवल्यावर मी "झाकलं?" म्हणून विचारणार नाही. तुमच्या अंगावर काही नसेल, मला ठाऊक आहे. जे झाकलेलं आहे ते तुमच्या अंगावर नाही. ते मी तुमच्याबरोबर मातीत जाऊ देणार नाही. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे म्हणणं सोपं आहे. माझ्या ताईच्या बाबतीत ते फुटायचं राहिलंच, आणि एक बाई त्या अंधारात मेली.

तुमचा श्वास चालू आहे तोवर दार उघडं आहे. इन्स्पेक्टर बाईंचा नंबर पुतण्याकडे आहे. तुम्ही जायच्या आधी आम्ही पोचलो नाही तर हे पत्र तरी पोचू दे.

तुमचीच,
शिंपीण

*

१४ मे

बाई,

हे पत्र तुम्ही वाचणार नाही. मयताशी बोलत राहायचं हा तुमचा नियम, पण आज खोलीत मी तुमच्याशी एक शब्दही बोलले नाही. सगळं झिपरीच बोलली. आजी म्हणाली तुम्हाला. म्हणून मी हे लिहून तुमच्या शवपेटीत ठेवते आहे. बाहेर पुतण्या झाकण घेऊन थांबलाय, थोडक्यात लिहिते.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही गेला होता. पुतण्याने सांगितलं ते मी दोनदा सांगायला लावलं. माझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी तुमची वाचा गेली होती. भिंगही धरवेना, म्हणून त्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, काकूने छताकडे बघत ऐकलं. मग फोनकडे हात केला. त्याला आधी कळेना, तुम्ही हात करत राहिलात. शेवटी त्याने पत्रातला शब्द धरून विचारलं, इन्स्पेक्टर बाई? तुम्ही डोळे मिटून उघडलेत.

त्या आल्या. तुमच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, मास्तरांच्या पहिल्या बायकोच्या अंगावर काही पाहिलं होतंत का? तुमचा हात इतका थरथरत होता की त्यांना मनगट धरावं लागलं, असं पुतण्या म्हणतो. तरी तुम्ही तो वर नेलात, आणि स्वतःच्या गळ्यावर, हाडाच्या वर, अंगठा टेकवलात. त्यांनी विचारलं, इथे? तुम्ही दाबलात. त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा दाबलात. जागा तीच, बाई. मी मास्तरणीची इन्स्पेक्टर बाईंना दाखवली होती तीच. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुतण्याची सही घेतली.

याचं पुढे काय होईल मला माहीत नाही. इन्स्पेक्टर बाई स्पष्ट म्हणाल्या, मुक्या म्हातारीच्या अंगठ्याला कोर्टात किती वजन, सांगता येत नाही. उकरायचा हुकूम मागितलाय. मास्तरांनी वकील केलाय. येत्या रविवारीही तेच गातील. ताई परत येणार नाही, मास्तरीण येणार नाही, आणि तुम्ही वीस वर्षं आधी हात उचलला असतात तर... हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं. राहू दे.

पुतण्याच्या बायकोने तुमचा आवडता झगा आणून दिला होता. बंद गळ्याचा, मीच शिवलेला. आम्ही तुम्हाला घातला, केस विंचरले. मग दोघींनी तसराळ्यात हात बुडवले. विचारायचं माझ्याकडे होतं, आणि मी विचारणार नाही असं तुम्हाला कळवलं होतं. पण हात पाण्यात गेल्यावर मला वाटलं, विचारायचा हक्क माझा असेल, उत्तराचा माझा नाही. तिच्या आईचं मी झाकलं होतं. मी झिपरीकडे बघून म्हटलं, झाकलं?

तिने पाण्यातून हात काढले, पुसले, माझ्या पिशवीतली कात्री घेतली आणि तुमच्या गळ्याची शिवण उसवायला लागली. एकेक टाका, कापड न फाडता, मी शिकवलंय तसं. मी तिला थांबवलं नाही. कॉलर सुटी झाल्यावर तिने कडा आत दुमडल्या आणि बारीक टाके घालून नीट केल्या. तुमचा गळा उघडा राहिला. म्हातारा, सुरकुतलेला, आणि त्यावर कुणाच्याही बोटाची खूण नव्हती.

"यांनी दाखवलाय," ती म्हणाली, "तो दिसू दे." मग हात पुन्हा पाण्यात घालून म्हणाली, "झाकलं."

पुतण्या दार वाजवतोय. हा कागद तुमच्या उजव्या हाताखाली ठेवते, अंगठ्याजवळ.